चेकनटवरची पाच टिंबं

चाक सात फेऱ्यांत थांबलं, तेही खाडकन. मिस्त्रीने भुवया वर केल्या.

"चांगलं चाक असं थांबत नाही, काकू. व्हॉल्व्हच्या वजनाने शेवटी पाळण्यासारखं मागेपुढे डुलतं, मग शांत होतं. हे तर हटून बसलं."

"म्हणजे दोष सायकलचाच ना?" काकूंनी घाईने विचारलं. "माणसाचा नाही?"

त्यांचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता. नवरा केस कापायला गेला, तेवढ्यात त्यांनी त्याची सायकल दुकानापर्यंत ढकलत आणली होती. दोघं रोज सायकलने टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीपर्यंत जायची. पूर्वी तो भर्रकन वर पोचून टाकीपाशी शीळ घालत बसायचा. मग काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वर्षभरात गुडघा सुधारला आणि याचा दम गेला. आता तो शेजारून चालवायचा, घामाघूम होऊन, धापा टाकत. "वय झालं गं," म्हणून वर हसायचा. काकूंना ते हसू बघवत नव्हतं. दोष सायकलचा निघाला नाही तर उद्यापासून टेकडी बंद, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. टेकडी बंद म्हणजे त्याचं निम्मं जगणं बंद, हेही त्यांना ठाऊक होतं.

मिस्त्रीने ब्रेक ढिले केले. चाक तसंच. साखळी उतरवली. तसंच. मग चाकच बाहेर काढून त्याने डोळे मिटले आणि दोन बोटांनी एक्सल फिरवून पाहिला.

"कचकच नाही. म्हणजे आत घाण नाही, बेअरिंगचे छर्रे फुटलेले नाहीत. नुसतंच जड आहे. गरजेपेक्षा जास्त आवळलंय."

त्याने हब उघडला. दुसऱ्याचं काम उघडलं की आधी चार शिव्या हासडायच्या, हा त्याचा रिवाज. आज शिवी सुचेना. ग्रीस ताजं होतं. छर्रे आरशासारखे चमकत होते. छर्रे ज्यावर फिरतात त्या कोनावर साधा ओरखडा नव्हता.

"हे काम कुणाचं?"

"ह्यांचंच. चाळीस वर्षं टर्नर होते कारखान्यात. सायकलला दुसऱ्याचा हात लागू देत नाहीत."

"दुसऱ्याने हात लावण्यासारखं ठेवलंय काय त्यांनी! इतकं नीट तर मीही करत नाही, खोटं कशाला बोलू?"

त्याने सगळं परत बसवलं, दोन पान्यांनी आपल्या अंदाजाने केसभर सैल केलं आणि चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं. शेवटी व्हॉल्व्ह खाली येऊन कितीतरी वेळ डुलला. काकूंचा जीव भांड्यात पडला.

"एवढ्याशा आवळण्याने माणूस म्हातारा दिसायला लागला होता हो!" त्या हसत म्हणाल्या.

मिस्त्री मात्र हसला नाही. एक्सलच्या टोकाशी आवळायचा चेकनट फडक्याने पुसता पुसता त्याचा हात थबकला होता. त्याने चष्मा लावला.

"काकू, एवढा हात बसलेला माणूस असली चूक करत नसतो. हे बघा. नटावर पाच टिंबं ठोकलीत, एक्सलच्या तोंडावर एक रेघ. मी सैल केलं तर रेघ बरोब्बर पहिल्या टिंबावर आली. म्हणजे मोकळं चाक कुठे असतं, ते त्यांना पक्कं माहीत आहे. पाचवं सगळ्यात जड. तुम्ही आणलं तेव्हा रेघ दुसऱ्यावर होती. आणि पाचवं, चौथं, तिसरं, या तिघांवर कानशीने बारीक काट मारलीय."

काकूंनी वाकून पाहिलं. काट त्यांच्या ओळखीची होती. घरी भिंतीवर गुडघ्याच्या व्यायामाचा तक्ता होता. जमलेल्या व्यायामावर नवरा अगदी अशीच तिरकी काट मारायचा.

त्यांना सुरुवातीचे दिवस आठवले. त्या चढाच्या पायथ्यालाच दमून उतरायच्या, आणि शेजारी तोही उतरायचा, धापा टाकत. मग अर्ध्या चढापर्यंत. मग वळणापर्यंत. दर टप्प्याला त्याने आपलं चाक एकेक टिंब मोकळं केलं असणार. एकदाही तो पुढे गेला नव्हता, आणि "तुझ्यासाठी थांबलो" असं एकदाही म्हणाला नव्हता. काकूंचे डोळे भरून आले. एवढा लबाड आणि एवढा चांगला माणूस आपल्या वाट्याला आला, याचा त्यांना भर दुकानात अभिमान वाटला.

"मग असंच मोकळं ठेवू ना?" मिस्त्रीने विचारलं.

"नको," काकूंनी पदराने डोळे पुसले. "होतं तिथेच आवळा, दुसऱ्या टिंबावर. त्याच्यावरची काट टेकडीवर माझी मी मिळवीन."