फिरता खण

"अवो, जांभळा खण कुठाय? कव्हाची हुडकायलेय."

कमलम्मा आतल्या खोलीत ट्रंक उपसत होती, आणि दारात उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याच्या, मडिवाळप्पांच्या, तोंडचं पाणी पळालं होतं. बाहेर ओसरीवर त्यांच्या विहीणबाई, उमादेवी, ओटी भरून घ्यायला पाटावर बसल्या होत्या. माहेरी आलेल्या बाळंतीण सुनेला आणि महिन्याच्या नातवाला बघायला त्या सकाळी अहमदपूरहून आल्या होत्या. आता तीनची एस.टी. धरायची होती.

ट्रंकेत एकच खण उरला होता, हिरवा. आणि तो लेकीच्या, सिंधूच्या, लग्नात उमादेवींनीच दिलेला होता.

एरवी ही ट्रंक अशी कधी आटली नव्हती. ओटीतला खण कोणी शिवत नाही. तो या घरून त्या घरी फिरत राहतो, आणि शहाणी बाई एवढंच सांभाळते की ज्याचा त्याच्या घरी परत जाऊ नये. पण यंदा पाऊस नाही म्हणून लग्नं पुढं गेली. खण जायचे तेवढे गेले, यायचे थांबले. लातूरचा वेगळा जिल्हा मंजूर होऊन तीन वर्षं झाली होती. पाऊस मात्र अजून मंजूर व्हायचा होता.

एस.टी.तून निवृत्त झाल्यावर मडिवाळप्पांना वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायचा नाद लागला होता. जन्मभर तिकिटं फाडली, आता चार तुकडे जोडून बघतो, असं ते म्हणत. कमलम्मा पेन्शनीतून सुईदोऱ्याला महिन्याचे पाच रुपये देई. पाणी विकत घ्यायची पाळी आली तसे पाचाचे दोन झाले. दोन रुपयांत दोरा येतो, कापड येत नाही. शिंप्याकडं कातरणं मागावीत तर त्याचंही मशीन लग्नांवाचून बंद. महिनाभर मडिवाळप्पा नुसते ट्रंकेकडं बघत राहिले. मग एका दुपारी त्यांनी मनाची समजूत घातली, की जे कापड कोणी कधी शिवणारच नाही, ते आपण शिवलं तर कुणाचं काय जातं? आणि बुडाचा खण काढून कात्री लावली.

"कापला," ते हळूच म्हणाले. "वाकळंत गेला."

कमलम्मानं कपाळाला हात लावला. "अवो, विहिणीची ओटी हाय ती! बिनखणाची उठली तर उद्या माझ्या लेकराला ऐकून घ्यावं लागंल. तुमाला न्हाई."

मडिवाळप्पांनी खिसा बघितला. दुकानापर्यंत पळत जावं तर खिशात दोऱ्याचे दोन रुपये.

कमलम्मानं हिरवा खण उलटा केला, काठ आत घालून घडी घातली आणि देवाचं नाव घेऊन ती ओसरीवर गेली. हळदीकुंकू लावलं. तांदूळ, नारळ आणि त्यांच्याखाली दडवलेला खण विहिणीच्या पदरात घातला.

उमादेवींनी तो चाचपला आणि बोटांनीच ओळखला. घडी उलगडून त्यांनी काठ वर केला.

"ह्यो माझाच हाय. उदगीरला जाऊन निवडला होता म्या. फिरता न्हवता, इकत घेतलेला."

 आत सिंधू लेकराला थोपटायची थांबली. कमलम्मानं मान खाली घातली ती वर केलीच नाही. मडिवाळप्पांना ते बघवेना. दोष आपला आणि मान बायकोनं खाली घालायची, याची त्यांना मनापासून लाज वाटली. ते आत गेले आणि अर्धी झालेली वाकळ आणून त्यांनी उमादेवींपुढं पसरली.

"विहीणबाई, हिची चूक न्हाई. तुमच्यासाठी दुसरा खण ठिवला होता तिनं. तो म्या कापला. ह्यो बघा, मधला जांभळा."

आता विहीण उठून चालती होणार, असं त्यांना वाटलं. पण उमादेवी खाली वाकल्या. टाके बारीक होते आणि तिफणीनं पेरल्यासारखे सरळ ओळीत होते. त्यांवरून त्या बराच वेळ बोट फिरवत राहिल्या.

"टाके कुणाचे?"

"माझेच."

"आन् कुणासाठी चाललंय?"

"नातवासाठी." मग ते म्हणाले, "तुमच्याबी."

उमादेवींनी मांडीवरच्या हिरव्या खणाकडं पाहिलं. "लई हौसेनं घेतला होता," त्या कमलम्माला म्हणाल्या. "तुमी चोळी शिवावी म्हणून."

"इतका चांगला," कमलम्मा पुटपुटली, "मोडू वाटंना."

"आमचंबी तसंच हाय." उमादेवींनी खण मडिवाळप्पांच्या पुढं सरकवला. "घ्या इवाईबुवा, आता ह्योबी कापा. माझ्यादेखत कापा."

मडिवाळप्पांनी बायकोकडं पाहिलं. उठून कात्री तिनंच आणून दिली. खण मधोमध कापला जाताना दोघी विहिणी पापणी न लववता बघत होत्या.

मग उमादेवींनी तांदूळ-नारळाची गाठ पदराला घट्ट मारली आणि जाताना आतल्या दाराशी थांबल्या.

"पोरी," त्या सिंधूला म्हणाल्या, "घरी यायच्या आधी बापाकडून टाका शिकून ये. खणांनी माझ्या ट्रंकंचं झाकण लागंना झालंय."