लव्हाळ्यातली पाणकोंबडी

"घरट्यावर बसलेली पाणकोंबडी लाकडाची आहे, अशी तक्रार आलीय," वनखात्याचे साहेब म्हणाले आणि बूट काढून तळ्याच्या पायरीवर ठेवले.

सुतार शेजारीच उभा होता. तक्रार शंभर टक्के खरी होती. बारा दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यात शिरून त्यानंच ती लव्हाळ्यात नेऊन बसवली होती. रंगही त्याचाच.

करणार काय? चारशे वर्षांचं तळं, पायऱ्या अजून शाबूत, अख्ख्या वस्तीला गारवा म्हणावा तर एवढाच. ते बुजवून तिथं गाड्या लावायच्या म्हणे. अक्कल गहाण टाकलेली माणसं. अर्ज झाले, सह्या झाल्या, ढिम्म कुणी हललं नाही. मग कळलं, पाखरू अंड्यांवर असेल तर पिल्लं उडेपर्यंत भराव टाकता येत नाही. तोवर तळ्यासाठी लावलेल्या दाव्याची कोर्टात तारीख येणार होती.

भरावाचे ट्रक घेऊन मुकादम काठावर उभाच होता. "दहा दिवस बघतोय साहेब, जागची हलत नाही."

"अंड्यांवर बसलेली कशाला हलेल?" सुताराची थोरली बहीण म्हणाली. गुडघ्यांनी जेरीस आलेली ही बाई दिवसातून एकदाच घराबाहेर पडायची, ती या पायऱ्यांवर बसायला.

"ताई, तू गप बस."

"का? खोटं बोलतेय का मी?"

सुतारानं मान खाली घातली. तिला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं.

साहेबांनी दुर्बीण लावली.

"मानसुद्धा वळवत नाही," साहेब म्हणाले. "हातात घेऊनच बघतो. लाकूड निघालं तर ट्रक आत्ता रिकामे होतील. आणि ज्यानं हा उद्योग केलाय, त्याचं पोलीस बघतील."

कबूल करून मोकळं व्हावं, असं सुताराला वाटलं. पण बहिणीसमोर जीभ उचलेना.

साहेब पाण्यात उतरले. मुकादमानं हात केला तसं पहिल्या ट्रकचं इंजिन घरघरलं. लव्हाळं बाजूला सारून साहेब वाकले. सुतारानं डोळे गच्च मिटून घेतले.

पाण्यात धडपड झाली. त्यानं डोळे उघडले, तर साहेब एक बोट मुठीत घट्ट धरून मागे सरकत होते.

"ट्रक बंद कर रे," ते मुकादमाला म्हणाले. "चोच मारली तिनं."