आकाशी गाडीची उजवी बाजू

दुपारची बांग झाली तेव्हा उस्ता बदीरची आकाशी फियाट अर्धीच चमकत होती. डावी बाजू बोनेटपासून डिकीपर्यंत झाली होती. उजवी अजून मळकट होती, आणि उस्ताचा खांदा आता वर व्हायला तयार नव्हता.

दिवस मावळायच्या आत याच गाडीतून त्याची धाकटी, नगात, सासरी जायची होती. नवरदेवाकडचे लांबलचक पांढरी गाडी आणतो म्हणाले होते. उस्ताने छातीवर हात ठेवून नको म्हटलं. आख्ख्या सुएझच्या गाड्या आपण चमकवायच्या आणि आपली पोर परक्याच्या गाडीतून जायची, हे काही त्याला पटण्यासारखं नव्हतं.

"मशीन लावू का?" थोरल्या इन्शिराहने विचारलं. पॉलिशचं मशीन तिनेच दुकानात आणलं होतं. दोन वर्षं ते गिऱ्हाइकांच्या गाड्यांवर फिरत होतं, पण बापाने स्वतःच्या गाडीला त्याची वायरसुद्धा लागू दिली नव्हती.

"चाळीस वर्षांचा रंग आहे," उस्ता म्हणाला. "कारखान्यातून आला तोच. सायीएवढा उरलाय. तुझं मशीन जरा एका जागी थांबलं की खालचा पत्रा दिसेल. हाताला कळतं कुठे थांबायचं. त्या चकतीला काय कळतंय?"

"चकती माझ्याच हातात असते, उस्ता." दुकानात ती बापाला सगळ्यांसारखं उस्ता, म्हणजे उस्तादच म्हणायची.

"म्हणून काय झालं?"

"काही नाही. तुम्ही हातानेच घासा. मी वऱ्हाडाला सांगते, आज सगळ्यांनी डावीकडेच उभं राहायचं."

उस्ताला हसू आलं, पण त्याने ते दाखवलं नाही.

"तुझी आजी काय म्हणाली होती ठाऊक आहे ना? दहा वर्षं वापरलेली ही गाडी घेतली त्या दिवशी मी म्हटलं, अम्मा, मेंढा कापू, तू गाडीवर रक्ताचा पंजा उठव. सगळेच उठवतात, नजर लागू नये म्हणून. तर म्हणाली, ह्या डबड्याला कोण मेला नजर लावणार? तीस वर्षं झाली, अजून उठवला नाही. आज निदान वऱ्हाडासमोर तरी..." त्याने हातातली चिंधी खाली ठेवली. "कडांना चिकटपट्टी लाव. आणि मी सांगेन तिथे थांबायचं."

तिने कडांना, दारांच्या मुठींना, दिव्यांभोवती पट्टी लावली आणि मशीन सुरू केलं. ती ते अलगद फिरवायची, मधूनच पाणी शिंपडायची. उस्ता मागोमाग चालत होता आणि तापकरी पोराच्या कपाळावर टेकवावा तसा पत्र्यावर तळवा टेकवून बघत होता.

"तापलं."

"नाही तापलं."

"मी म्हणतोय, तापलं."

ती थांबायची, चहाचा घोट घ्यायची, परत सुरू करायची. पाचव्या-सहाव्या खेपेला उस्ताने "तापलं" म्हणायला तोंड उघडलं, तर मशीन आधीच थांबलेलं होतं. त्याने तळवा मागे घेतला.

साडेतीनला पट्ट्या निघाल्या. इन्शिराहने गाडी उन्हात आणली. उजव्या दारात समोरच्या टायरवाल्याची पाटी उलटी, पण अक्षर न् अक्षर दिसत होती. उस्ता वळसा घालून डावीकडे गेला. डाव्या दारात चहावाल्याच्या खुर्च्या दिसत होत्या. तिथे खुर्च्या आहेत हे माहीत असेल तर चांगल्या दिसत होत्या.

"रंग कुठेही गेला नाही," इन्शिराह म्हणाली.

"अजून तरी नाही," उस्ता म्हणाला.

तेवढ्यात त्याची आई, सित्त हमीदा, हातात वाटी घेऊन गल्लीत शिरली. लग्नाच्या जेवणाचा मेंढा नुकताच कापला होता. घराच्या चौकटीवर पंजा उठवून झाला होता आणि वाटीत थोडं रक्त उरलं होतं. ते कुठे लावायचं, हे अजून ठरायचं होतं.

गाडी बघून म्हातारी थांबली. तिने आधी डावी बाजू बघितली. उस्ता लगबगीने तिथेच जाऊन उभा राहिला. मग ती उजवीकडे गेली, वाकली, आणि दारात बघून तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"कुणाची रे ही?"

"माझीच की, अम्मा."

"तुझी?" तिने गल्लीभर नजर टाकली. टायरवाला काम सोडून दारात उभा होता. "आणि अशी उघडी ठेवलीस? तो मेला बघ कसा टक लावून बघतोय. कोपऱ्यापर्यंतसुद्धा पोचायची नाही ही."

तिने हात वाटीत बुडवला आणि उजव्या दारावर पाची बोटांचा पंजा दाणकन उठवला.

उस्ताचं तोंड एवढंसं झालं. तीस वर्षं वाट बघितलेला पंजा, आणि तो मुलीच्या बाजूला. आज वाईट वाटून घ्यावं याचीच त्याला लाज वाटली, आणि मग मात्र तो मनापासून हसला.

पंजाखालून दोन ओघळ निघाले. इन्शिराहने चिंधी उचलली. उस्ताने ती तिच्या हातातून काढून घेतली.

"बाबा, खांदा..."

"डाव्याने करतो. एवढं हातानेच करावं लागतं."

आणि दारापाशी उकिडवा बसून, पंजाला धक्का न लावता, तो एकेका बोटाभोवती चिंधी फिरवू लागला.