जड व्हायची तालीम

“अगं, असं काय ओढतेस? पोलीस आहेस की पाहुणी?”

मावशी फरशीवर आडवी पसरली होती आणि चिमणी तिच्या काखांत हात घालून तिला उचलायला बघत होती. मावशी जागची हलेना. शिंपीणबाईंची हसून हसून पुरेवाट झालेली.

उद्या तुरुंगासमोर धरणं होतं. मतपेट्या गेल्या कुठे, एवढंच विचारलं म्हणून आत टाकलेल्या बायकांसाठी. म्हणून आज अटकेची तालीम, आणि चिमणीला थेट फौजदारकी.

“ताठ झालात की काठीसारखे उचलतात,” आई सगळ्यांना बजावत होती. “अंग सोडून द्यायचं. ओल्या पिठाचं पोतं! हात उगारायचा नाही, पण पाऊलही उचलायचं नाही. गुपचूप नेलेली बाई कुठे गेली, ते कुणी सांगत नाही. चारचौघांनी पाहिलं असलं की सांगावंच लागतं.”

“आणि तू कमरेतून वाकू नकोस गं,” मावशी खालूनच ओरडली. तिचा जन्म इस्पितळात पेशंट उचलण्यात गेलेला. “गुडघ्यातून वाक. नाहीतर पाठ धरेल, मग बस बोंबलत!”

बेल वाजली.

वकीलबाई यायच्याच होत्या. चिमणीने उड्या मारत जाऊन दार उघडलं.

दारात फौजदार उभा होता. खराखुरा. मागे दोन महिला पोलीस.

“चला बाई,” तो आईला म्हणाला. “जरा चौकशी आहे.”

“वॉरंट?”

“तिकडे गेल्यावर दाखवतो.”

आता आईचं पोतं होणार, चिमणीला खात्रीच होती. पण आईने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि पायात चपला सरकवल्या.

“पोरीसमोर तमाशा नको,” ती हळूच म्हणाली आणि दोघी पोलिसांच्या मधून चालू लागली. ताठ. काठीसारखी.

जिन्यात चिटपाखरू नव्हतं. मजल्यामजल्यावर दारं बंद. कुणी म्हणजे कुणीच बघत नव्हतं!

ती फौजदाराच्या बगलेखालून सुसाट खाली सुटली. वळणावर जिना अरुंद होता, तिथे ती पायरीवर आडवी पडली आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, “माझ्या आईला नेतायत हो! बघा, माझ्या आईला नेतायत!”

“ए पोरी, ऊठ.”

तिने मान सोडली, हात सोडले, पाय सोडले. पायरीची कड बरगडीत टोचत होती. खाली कुठेतरी कडी निघाली. मग आणखी एक. शेजारचे आजोबा अर्धी दाढी फेसातच ठेवून कठड्याशी आले.

फौजदाराने दात खाल्ले आणि वाकून तिच्या काखांत हात घातले. चिमणीने अंग सोडलेलंच ठेवलं. पण तोंड थोडंच ऐकतंय?

“काका, कमरेतून नका वाकू. पाठ धरेल.”

वर मावशीला हसू आवरेना. दारं उघडतच होती.

आणि वरच्या पायरीवर आईचे आधी गुडघे सैल झाले, मग खांदे, मग मान. तिला धरलेल्या दोघी तिच्याबरोबर एकदमच खाली वाकल्या.

कमरेतून.