मधला तुकडा

"हाही गेला," असं म्हणून त्याने हेल्मेटवरचा कॅमेरा काउंटरवर ठेवला.

दुकानदाराने तो उलटसुलट करून पाहिला. "अहो, याच्यावरून ट्रक गेला तरी हा ट्रकचंच चित्रण करत बसेल. तुम्ही याचं नेमकं करता तरी काय?"

"विमानातून उडी मारतो."

"ते ठाऊक आहे हो. त्याने काय होतंय त्याला!"

त्याचं कामच ते होतं. हौसेने आभाळातून उडी मारणाऱ्या माणसांच्या बरोबरीने तोही उडी मारायचा आणि त्यांचं चित्रण करायचा. घरी बायको त्याची फिल्म जोडायची. माणसं ती नेऊन नातेवाइकांना दाखवायची. पण हल्ली फिल्म अर्धवट येत होती. विमानाच्या दारातली उडी असायची, उघडलेलं पॅराशूट असायचं. मधलं कोसळणं तुटक. कॅमेरा बदलला तरी तेच. "लग्नाचा व्हिडिओ द्यायचा आणि त्यात नवरानवरीच नाहीत, असं चाललंय तुझं," उड्यांची कंपनी चालवणारा मालक परवा म्हणाला होता. हसत म्हणाला होता, पण टोचलं होतं.

"वर थंडीने बॅटरी मान टाकते कधीकधी," दुकानदार म्हणाला. "नाहीतर कार्ड मंद असेल. तुम्ही स्वतः बघितलं का कार्डावर काय आलंय ते?"

"बायको बघते. मी नाही बघत."

"का?"

"मेहुणा गेल्यापासून पडद्यावरचं आभाळ बघवत नाही."

दुकानदाराने जुना कॅमेरा बाजूला ठेवला. ती गोष्ट गावभर झाली होती. मेहुणा आणि तो जोडीने उड्या मारायचे. एके दिवशी मेहुण्याचं पॅराशूट गुरफटलं. शेजारून हा चित्रण करत होता. ती फिल्म चौकशीवाल्यांनी पाहिली, मालकाने पाहिली, बायकोनेही एकदा मन घट्ट करून पाहिली. त्याने मात्र पाहिली नाही. पुढे तो पुन्हा उड्या मारायला लागला तेव्हा लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. खरं तर जमिनीवर त्याचा जीव घुसमटायचा. वर गेलं की तेवढ्यापुरती छाती हलकी व्हायची.

दुकानदाराने आतून एक जाडजूड कॅमेरा आणला. "दिसायला ठोकळा आहे, पण दगा देणार नाही. मात्र आधी एकट्याने उडी मारून बघा. गिऱ्हाईक नको. आणि कार्ड स्वतः बघा."

पुढची सकाळ निरभ्र होती. विमानात वैमानिक आणि तो, दोघंच.

"आज एकटाच?" वैमानिकाने विचारलं.

"आज फक्त कॅमेऱ्याची परीक्षा."

त्याने उडी मारली. खाली उतरल्यावर पाहिलं, तर कॅमेऱ्याचा लाल दिवा चालूच होता.

घरी आल्यावर बायकोने रोजच्यासारखा कार्डासाठी हात पुढे केला.

"आज मी बघणार आहे," तो म्हणाला.

तिचा चेहरा उतरला. "नको."

"का नको?"

ती खुर्चीत बसली. टेबलाच्या कडेवरून नख फिरवत म्हणाली, "कॅमेरे चांगले होते रे. सगळेच. मधला भाग मी कापत होते."

त्याला आधी कळेचना. मग तिने कॉम्प्युटरवर एक तुकडा लावला. वाऱ्याने गाल फडफडणारा एक माणूस खदाखदा हसत होता. अचानक चित्र त्याच्यावरून वळलं. माणूस बाहेर गेला, पडद्यावर नुसती निळाई उरली. मग खालून एक हात वर आला. त्याचा स्वतःचाच, चित्रण करणाऱ्याचा. बोटं ताणून तो त्या निळाईत काहीतरी धरायला गेला, चाचपडला आणि रिकामा परत आला.

तिने दुसरा तुकडा लावला. गिऱ्हाईक वेगळं, हात तोच.

"मला यातलं काहीच आठवत नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे. त्या दिवशीच्या फिल्ममध्येही तुझा हात असाच आहे. माझ्या भावाकडे गेलेला. थोडक्यात पोहोचायचा राहिला." तिने तुकडा थांबवला. "मालकाला दिसलं असतं तर त्याने तुला घरी बसवलं असतं. आणि तुला दिसलं असतं तर तू काय केलं असतंस, याचीच मला धास्ती होती. तू आधीच स्वतःला खातोयस. कसं दाखवू?"

मेहुणा गेला तेव्हा सगळ्यांना धीर देत फिरलेला माणूस आता लहान मुलासारखा रडला. ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिच्याही मनावरचा धोंडा उतरला होता.

"मालकाला मीच सांगतो," तो डोळे पुसत म्हणाला. "काही दिवस उड्या बंद. एखाद्या डॉक्टरलाही दाखवू या."

"दाखवू," ती म्हणाली. "मी येते बरोबर."

"पण आजची एकदा बघू दे. तुझ्याबरोबर. मग कॅमेरा कपाटात टाकू."

तिने नाइलाजाने मान डोलावली. त्याने कार्ड लावलं. दुकानदाराचं खरं होतं; चित्र स्वच्छ होतं, कुठे तुटत नव्हतं. विमानाचं दार, उडी, वाऱ्याचा घोंघाट, चहूकडे मोकळं आभाळ. पाखरूसुद्धा नव्हतं. मग चित्र हळूच एका बाजूला वळलं. दोघांनाही आता पुढचं ठाऊक होतं. तिने त्याचा खांदा घट्ट धरला. पडद्यावर खालून त्याचा हात वर आला, बोटं ताणली गेली.

"आता परत येईल," ती हळूच म्हणाली. "दर वेळी येतो."

पडद्यावर समोरून दुसरा हात आला आणि त्याने तो धरला.