हसवू नका

“थंड पाणी नको. त्या नळीनं तोंडात वारा मारायचा नाही. डाव्या गालाला हात लावायच्या आधी सांगायचं,” न्हाव्याची बायको डॉक्टरीणबाईंना बजावत होती. “आणि मुख्य म्हणजे, त्यांना हसवायचं नाही.”

“दाताच्या दवाखान्यात कोण हसतं, काकू?”

खुर्चीत आडवा पडलेला न्हावी हसला नाही. ओठ घट्ट मिटून तो छताकडे बघत राहिला.

त्याच्या डाव्या गालातली नस कधी पेटेल याचा नेम नव्हता. वाऱ्याची झुळूक, तोंडातला घास, दाताला लागलेला ब्रश, काहीही पुरे व्हायचं. पेटली की गालात विजेची तार शिरल्यासारखा तो हातातलं काम टाकून भिंत धरायचा. सुरुवातीला सगळ्यांना दाताचंच दुखणं वाटलं. दोन धडधाकट दाढा काढून झाल्या. दुखणं गेलं नाहीच, उलट जास्तच चेकाळलं. या खेपेला मात्र दाढ खरोखर किडली होती. काढल्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि काढताना नस पुन्हा तशीच चेकाळली तर काय, या धास्तीनं दोघांचा जीव अर्धा झाला होता. नसेवरची गोळी वेळेवर घेतली होती. कोमट पाण्याची बाटली घरूनच आणली होती. वाटेत वारा लागू नये म्हणून बायको त्याच्या डाव्या अंगानं भिंतीसारखी चालत आली होती.

दुखण्याची त्याला सवय झाली होती. हसता येत नाही, याची काही केल्या होत नव्हती. हसलं की नस हमखास पेटायची.

गप्पा म्हणजे न्हाव्याचं अर्धं हत्यार. पूर्वी त्याच्या दुकानातून केस कापून झालेली माणसंही उठायची नाहीत. आता बायको दारातच गिऱ्हाइकाला सांगायची, “चेष्टामस्करी नको हं, त्यांना सोसत नाही.” माणसं मुकाट मान पुढं करायची. वस्तरा सोसत नाही म्हणून वाढलेली त्याची दाढी बघून एखादा बोलून जायचाच, “जगाची करतोस, स्वतःची कधी?” आणि मग जीभ चावायचा.

बायको एके काळी अख्ख्या गल्लीच्या नकला करायची. भाव करणारी शेजारीण, वजनकाट्यावर श्वास रोखून उभी राहणारी नणंद, घोरणारे थोरले दीर. तो हसून हसून लोळण घ्यायचा. पहिली कळ आली तीही दिरांचं घोरणं चालू असतानाच. त्या दिवसापासून त्याच्यासमोर ती कामापुरतं बोलू लागली. तिला त्यानं कधी दोष दिला नाही. संध्याकाळी ती शेजारी जाऊन बसायची, तेव्हा त्याला वाटायचं, तिकडं मैफल रंगली असेल. जग हसतंय, आपल्यालाच तेवढं वर्ज्य आहे.

“सुई टोचतेय, काका. सोसलं नाही तर हात वर करा.”

बायकोनं डोळे मिटून घेतले. न्हाव्यानं खुर्चीचा दांडा असा आवळला, की बोटं पांढरी पडली. कळ आली, सर्रकन कानापर्यंत गेली, आणि विझली. गाल जड झाला. मग तो दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा वाटू लागला.

“पुरतं बधिर होऊ दे,” म्हणून डॉक्टरीणबाई शेजारच्या खोलीत गेल्या.

न्हाव्यानं गालाला बोट लावून पाहिलं. चिमटा काढला. मग भीत भीत चापट मारली.

“अगं,” तो वाकड्या तोंडानं म्हणाला, “काहीच नाही. नस झोपली.”

“बोलू नका हो.”

“ऐक ना. आत्ता हसता येईल मला. बाई परत येईपर्यंत. दादाचं घोरणं कर.”

“इथं? वेड लागलंय का तुम्हाला?”

“कर गं. एकदाच.”

तिनं दाराकडं पाहिलं. खुर्ची पुढं सरकवली. नाक फुगवलं, हनुवटी छातीला टेकवली, मोठा श्वास घेतला. नुसता श्वासच बाहेर पडला.

“थांबा हं,” ती म्हणाली आणि तिनं पुन्हा श्वास घेतला. तोही तसाच गेला.

“लाजतेस काय? शेजारणींसमोर करतेस तशी कर.”

तिनं खुर्ची मागं सरकवली.

“त्या दिवसापासून कुणासमोरच नक्कल केली नाही हो मी.”