रेणू ते माणूस

"आणि पुढं?" राजेश्री मॅडमनी खडू फळ्यावर आपटला. "रेणू झाला, पेशी झाली. माणूस कुठं गेला तुमचा?"

बारावी सायन्सच्या वर्गाला माणसाचं काही सोयरसुतक नव्हतं. शेवटचा तास होता आणि अर्ध्या पोरांचं लक्ष मानवतला जाणाऱ्या बसकडं लागलं होतं. मॅडमचा जीव नेमका इथंच जळायचा. पोरं ॲसिटिलकोलीनची व्याख्या घडाघडा म्हणतील, चेतापेशीची आकृती रंगवून आणतील. पण हे सगळं आपल्याच अंगात चाललंय, हे काही केल्या त्यांच्या डोक्यात शिरायचं नाही.

बाहेर व्हरांड्यात मनकर्णा झाडू घेऊन तास सुटायची वाट बघत बसली होती. नवरा गेल्यापासून ती कॉलेजात झाडलोट करायची. कुणी विचारो न विचारो, ती सांगणारच. आताही ती शेजारी बसलेल्या शिपायाला सांगत होती, "दारूनं खाल्लं मेल्याला. पोळ्याच्या करीला ढोसून आला, अन् सकाळी उठलाच न्हाई."

आत शेवटच्या बाकावर तिच्या पोरीनं, निकितानं, मान खाली घातली. करीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खं गाव पितं, पण मेला तो हिचाच बाप. तेव्हापासून पोरगी वर्गात एक शब्द बोललेली नव्हती.

मॅडमनी दाराबाहेर बोट दाखवलं. "हे बघा. चेतापेशीनं स्नायूला निरोप धाडला, की निरोप नेणारा रेणू, म्हणजे तुमचं ॲसिटिलकोलीन, लगेच झाडून काढावा लागतो. ते काम एन्झाइमचं. आपल्या मावशी वर्ग झाडतात ना, तसं. आता मावशींचा झाडूच कुणी धरून ठेवला तर?"

"कचरा साचंल," कुणीतरी म्हणालं आणि वर्ग खिदळला.

"साचेलच. कापसावर फवारतात त्यातली काही औषधं हेच करतात. निरोप साचत जातात आणि शरीर थांबायचं विसरतं. मग डोळ्याच्या बाहुलीचं काय होईल?"

पुढच्या बाकावरची पोरं वहीची पानं उलटायला लागली.

"बारीक व्हती," मागून आवाज आला. "टाचणीच्या टोकावानी."

मॅडमचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. निकिता उभी होती.

"बरोबर! आणि तोंडाला?"

"लाळ येती. फेसावानी."

"आणखी?"

"घामानं अंग भिजून जातं. मांड्या फडफडतात. चालताना झोकांड्या जातात. मंग छातीत घरघर लागती."

"शाब्बास!" मॅडमना वाटलं, वर्षाचं सार्थक झालं. एका पोरीला तरी रेणूपासून माणसापर्यंत जाता आलं. त्यांनी वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. एकेक लक्षण बाण काढून फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरांत औषधाचं नाव लिहिलं: ॲट्रोपिन. "सरकारी दवाखान्यात हे इंजेक्शन असतं. वेळेत मिळालं की माणूस वाचू शकतो. कुठल्या पुस्तकात वाचलंस गं एवढं?"

"वाचलं न्हाई, मॅडम." निकिता अजून उभीच होती. "दारूनं बी बाहुली अशीच बारीक व्हती का?"

"छे! दारूनं झोकांड्या जातात, पण बाहुली काही टाचणीएवढी..." बोलता बोलता मॅडमची जीभ अडखळली. पण जे सांगायला नको होतं ते सांगून झालं होतं.

"करीच्या दिवशी बाबा गावातल्या आबासाहेबांचा कापूस फवारायला गेलते," निकिता म्हणाली. तिचा आवाज उत्तर देतानाच्या आवाजासारखाच सपाट होता. "करीला समद्या कामाला सुट्टी, कोण फवारायला जातंय? म्हणून कुणाला खरं वाटलं न्हाई. अन् औषधाचा वास तर त्या महिन्यात समद्यांच्याच अंगाला येतो. आईनं डोक्यावर लिंबू चोळलं. म्हणली, पडू दे, सकाळपर्यंत उतरंल."

मॅडमना आपल्या 'शाब्बास'ची किळस आली आणि त्या टाळ्यांची त्याहून जास्त. काहीतरी बोलायला हवं होतं. पुस्तकात धडा तिथंच संपत होता.

घंटा झाली. एरवी दारात रेटारेटी करणारी पोरं आज गुपचूप बाहेर पडली. निकितानं पुढं येऊन टेबलावरचं डस्टर उचललं आणि फळा खालून वर पुसायला घेतला. पहिल्यांदा औषधाचं नाव गेलं.

"आईला सांगू नका, मॅडम," ती फळ्याकडं तोंड करूनच म्हणाली. "शिव्या देती म्हणून तर उभी हाय ती."

मॅडमनी मान हलवली, पण ते तिला दिसलं नाही.

तेवढ्यात पलीकडचा रिकामा वर्ग झाडून मनकर्णा पदर कमरेला खोचत आत आली. आईला बघताच निकिताचा हात भराभर चालायला लागला. छातीची घरघर पुसली, झोकांड्या पुसल्या, लाळ पुसली. खडूची धूळ तिच्या तोंडावर उडत होती.

मनकर्णानं झाडू टेकवला, पोरीकडं आणि फळ्याकडं बघितलं, आणि ती हसली.

"मला बघून कशाला पुसायलीस गं? मला कुटं वाचता येतंय."